डोजोबाहेर काय घालावं? कराटे-कुस्तीवरचं प्रेम रोजच्या कपड्यांतून

जूनमध्ये शाळा उघडल्या की आमच्या डोजोत, म्हणजे कराटेच्या वर्गात, नवी मुलं येतात, आणि त्यांच्यामागोमाग दोन-चार मोठी माणसंही. पहिले दोन महिने पाय दुखतात, मूठ नीट वळत नाही, अभिवादनाचं "ओस" मोठ्यानं म्हणायला लाज वाटते. गणपती उरकले की त्यांतलं कोणीतरी वर्ग सुटताना थांबतं आणि हळूच विचारतं, "ताई, तुमच्यासारखा टी-शर्ट कुठं मिळेल?"

मला हा प्रश्न फार आवडतो. आठवड्यातले तीन तास आता त्या माणसाला पुरेनासे झालेत, कॉलेजात, बाजारात, प्रवासातसुद्धा ही गोष्ट जवळ असावी असं त्याला वाटू लागलंय, हे त्यातून कळतं. म्हणून "कुठल्याही दुकानात मिळेल" असं उत्तर मी देत नाही. मी कोल्हापूरची. आजोबा तालमीत जायचे, मी सोळा वर्षं कराटे करते आहे. या काळात चुकीचे कपडे घेतले, योग्य कपड्यांपर्यंत उशिरा पोचले. नव्या मुलांना दरवर्षी तोंडी सांगते ते इथं क्रमानं लिहिते आहे.

पायरी १ : कशावर प्रेम आहे ते एका ओळीत लिहा

बाजारात 'मार्शल आर्ट' नावाचा एकच माल मिळतो. एकाच टी-शर्टवर जपानी अक्षरं, चिनी ड्रॅगन आणि तायक्वांदोची उंच लाथ. ज्यानं काहीच शिकलेलं नाही त्याला ते खपतं. तुम्ही मात्र आता शिकताय. कराटे ओकिनावा बेटावर घडलं. ज्युदो जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत सुरू केला. तायक्वांदो कोरियाचा, मुए थाई थायलंडची. जिममध्ये हल्ली जे जुजुत्सू शिकवतात ते ब्राझीलमध्ये वाढलेलं. कुस्ती आपल्या लाल मातीतली. प्रत्येकाची लिपी, रंग, रीत वेगळी आहे. त्यांची खिचडी अंगावर घातली की बघणाऱ्या जाणकाराला एवढंच कळतं की यानं कपडा निवडताना विचार केला नाही.

तेव्हा वहीत एक ओळ लिहा: मला अमुक आवडतं. 'कराटे आवडतं' इतकं ढोबळ नको, त्याहून बारीक. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलानं लिहिलं, "हेइआन शोदान." शोतोकान या कराटेच्या शाखेत नवशिक्याला मिळणारा हा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. तो करताना पावलं जमिनीवर जी रेषा काढतात ती इंग्रजी मोठ्या 'आय'सारखी असते, वर आडवी, खाली आडवी, मध्ये उभी. आम्ही ती रेषा कागदावर काढली आणि त्याच्या आईनं निळ्या शर्टच्या खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं भरून दिली, बोटाच्या पेराएवढी. अनोळखी माणसाला ती नक्षी वाटते. शोतोकान करणारा मात्र रस्त्यात थांबून विचारतो, "तू कुठल्या डोजोत?"

पंचेचाळिसाव्या वर्षी वर्गात आलेल्या एका गृहस्थांनी लिहिलं, "शेवटी ओळीत बसून डोळे मिटतो, ते." त्यांना कुठलंही चित्र नको होतं. त्यांनी जाड सुती पांढरे, बिनकॉलरचे दोन शर्ट शिवून घेतले आणि रविवारी तेच घालतात. मला तो पोशाख वर्गातल्या कुठल्याही छापील टी-शर्टपेक्षा जास्त कराटेचा वाटतो.

कुस्तीवाल्यांकडे तर शब्दांचा खजिना आहे. ढाक, कलाजंग, मोळी, एकेरी पट, पोकळ घिस्सा, धोबीपछाड! यांतला तुमचा स्वतःचा, तुम्हाला बसलेला डाव निवडा आणि तो एकच शब्द देवनागरीत छातीवर घ्या. 'कलाजंग' या चार अक्षरांपुढे गुरगुरणारा वाघ फिका पडतो.

पायरी २ : गणवेश वर्गातच राहू द्या

नव्या मुलांची पहिली चूक इथं होते. गी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे 'कराटे ड्रेस' म्हणतात तो, घातला की उतरवावासा वाटत नाही. मग वर टी-शर्ट, खाली गीची पँट असं किराणा दुकानात जाणं सुरू होतं. कमरेला बेल्ट बांधून वडापाव खाणारीही मी पाहिली आहेत.

गीचा इतिहास थोडा माहीत असला की हे का टाळायचं ते समजतं. आज घालतो तो पोशाख कराटेला ज्युदोकडून मिळाला. शोतोकानचे गुरू गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला प्रात्यक्षिकासाठी आले, आणि तिथं कराटे रुजताना ज्युदोच्या जाड अंगरख्याचं हलकं रूप त्यात आलं. पांढरा, एकसारखा, कोण श्रीमंत कोण गरीब हे न दाखवणारा. वर्गाबाहेर तो घातला की मळतो, रंगाचे डाग पडतात, आणि दारातून आत आल्यावर 'आता सुरू' असं जे वाटतं तेही बोथट होतं. तालमीतही हेच आहे. लंगोट आणि जांघ्या तालमीत खुंटीवर असतो, पैलवान तो नेसून चौकात येत नाही. जुन्या कोल्हापुरात पैलवान बाहेर ओळखू यायचा तो पांढऱ्या स्वच्छ शर्टवरून, फेट्यावरून, मोडलेल्या कानावरून आणि चालीवरून. आजोबांचा धोतर-सदरा इतका कडक असायचा की आम्हा नातवंडांना मांडीवर बसायची परवानगी अंघोळीनंतरच.

वर्गाला जाता-येता गी घालावाच लागत असेल तर वरून साधं जॅकेट घाला आणि बेल्ट पिशवीत ठेवा. बेल्ट पिशवीतच, हे पुन्हा सांगते. तो पर्सचा पट्टा, डोक्याची पट्टी किंवा पँटचा पट्टा म्हणून वापरायचा नाही.

पायरी ३ : जे मिळवलेलं नाही ते छापू नका

'ब्लॅक बेल्ट' असं लिहिलेला टी-शर्ट पिवळ्या बेल्टच्या मुलाला वाढदिवसाला भेट मिळतो. काकांचा हेतू चांगला असतो, मुलगा खूश असतो. पण त्याच दिवशी वर्गात अशी एक ताई उभी असते जिनं त्या बेल्टसाठी सात वर्षं दिलीत. मी पालकांना सांगते, टी-शर्ट फेकू नका, कपाटात ठेवा, तो दिवस आला की घालू.

काही ठिकाणी दर्जा कपड्यातच शिवलेला असतो आणि नवख्याला ते माहीत नसतं. तायक्वांदोच्या व्ही गळ्याच्या गणवेशाची काळी गळपट्टी दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या, दर्जाच्या लोकांची असते, पंधरा वर्षांखालच्यांसाठी लाल-काळी. ब्राझिलियन जुजुत्सूत अंगाला चिकटणारे जे रॅश गार्ड असतात, त्यांतल्या काहींवरच्या निळ्या, जांभळ्या, तपकिरी पट्ट्या बेल्टचा रंग सांगतात. दुकानात "हा जांभळा छान दिसतोय" म्हणून उचलला आणि जिममध्ये घालून गेलात की समोरचा माणूस तुमच्याशी जांभळ्या बेल्टच्या तयारीनं झुंजायला येईल.

संस्थेची चिन्हंही अशीच. शोतोकानचा वर्तुळातला वाघ सगळीकडे छापलेला दिसतो. तो होआन कोसुगी या चित्रकारानं फुनाकोशींसाठी काढला. 'शोतो' हे फुनाकोशींचं कवी म्हणून घेतलेलं नाव, अर्थ पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची लाट. तुम्ही गोजू-र्यू किंवा शितो-र्यू या कराटेच्या दुसऱ्या शाखा शिकत असाल तर हा वाघ तुमचा नाही. कितीही देखणा असला तरी दुसऱ्या घराचं निशाण आहे ते. आपल्या डोजोचं चिन्ह छापायचं असेल तर आधी सेन्सेईंना, म्हणजे आपल्या गुरूंना, विचारा. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात, चांगल्या प्रतीची फाइलही देतात.

'पैलवान' या शब्दाबद्दल आमच्या गावातली माणसं हळवी आहेत. १९१२ मध्ये खुल्या झालेल्या राजर्षी शाहूंच्या खासबाग मैदानाजवळ राहणाऱ्याला तो शब्द छातीवर लिहिण्याआधी दहादा विचार करावासा वाटतो. तालमीत जाऊन सहा महिनेच झाले असतील तर तालमीचं नाव घाला, वस्ताद परवानगी देतील तर. ते नाव तुमचं नक्कीच आहे.

पायरी ४ : अक्षरं वाचल्याशिवाय अंगावर घेऊ नका

ही पायरी लांब आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

मी बारावीत असताना एका प्रदर्शनातून काळा टी-शर्ट घेतला. पाठीवर तीन मोठी जपानी अक्षरं, 'कराटे-दो' लिहिलंय असं विक्रेत्यानं सांगितलं. दोन वर्षं तो टी-शर्ट घालून मी स्पर्धांना गेले. मग जपानी शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं तो दोरीवर वाळत घातलेला पाहिला आणि विचारलं, "हा उलटा का छापलाय?" अक्षरं आरशातल्यासारखी होती. त्या स्पर्धांना जपानहून आलेले परीक्षकही असत. कोणी एका शब्दानं बोललं नाही. आता आठवलं की पोटात कालवतं.

तेव्हापासून मुलांना ती तीन अक्षरं ओळखायला शिकवते. जपानी न येणाऱ्यालाही ही तपासणी जमते. पहिलं अक्षर 'कारा', रिकामं. त्याला वर छप्पर असतं, छपराखाली दोन तिरके पाय आणि तळाशी इंग्रजी मोठ्या 'आय'सारखी आकृती. दुसरं 'ते', हात. त्यात आडव्या रेघा आणि मधून एक उभी दांडी असते. त्या दांडीचं टोक खाली डावीकडे वळलेलं असतं, गळाच्या काट्यासारखं. काटा उजवीकडे वळला असेल तर छपाई उलटी आहे. काटा वर गेला असेल तर अक्षरच खालचं वर झालंय. तिसरं 'दो', मार्ग. त्याची एक लांब शेपटी डावीकडून निघून अक्षराच्या खालून उजवीकडे सरकते, पायवाटेसारखी. काटा डावीकडे, शेपटी उजवीकडे, इतकं लक्षात ठेवलंत तरी बहुतेक चुका पकडता येतील.

कधी जुन्या पद्धतीच्या छपाईत 'कारा' वेगळ्याच अक्षरानं लिहिलेलं सापडेल. ती चूक नसेलही. पूर्वी 'चीनचा हात' या अर्थाचं अक्षर वापरत, उच्चार तोच. १९३६ मध्ये ओकिनावातल्या गुरुजनांनी नाहा इथं बसून 'रिकामा हात' हे लेखन पक्कं केलं. मुद्दाम जुनं लेखन निवडणारेही आहेत. तुम्हाला ते का निवडलं हे सांगता आलं म्हणजे झालं.

बाकी कुठल्याही शब्दासाठी फोनवरच्या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा अक्षरांवर धरा. वळणदार ब्रशच्या अक्षरांना तो कधी फसतो, तरी 'शौर्य' म्हणून विकलेलं काहीतरी भलतंच निघालं तर लगेच कळतं. थाई बॉक्सिंगच्या चकचकीत चड्ड्यांवर पुढे थाई लिपीत बहुधा 'मुए थाई' लिहिलेलं असतं. तेही तपासून घ्या.

अक्षरांबरोबर चित्रंही वाचायची. लाल वर्तुळातून चहूकडे किरण फुटलेलं चित्र कराटेच्या टी-शर्टवर फार दिसतं. ते जपानी सैन्याचं निशाण होतं, आणि कोरिया-चीनमधल्या लोकांच्या मनात त्यानं युद्धातल्या अत्याचारांच्या आठवणी जाग्या होतात. तायक्वांदो शिकणाऱ्यानं तर ते घालूच नये. कपाळावर बांधायच्या पट्टीवर 'कामिकाझे' लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले जपानी आत्मघाती वैमानिक, तीही घेऊ नका. साधं लाल वर्तुळ हवं असेल तर ते जपानच्या ध्वजातलं आहे, त्याला हरकत नाही.

आणि आता माझा लाडका मुद्दा. आपली लिपी वापरा. देवनागरीत 'कराटे' लिहा, 'दम' लिहा, 'जिद्द' लिहा. तुमच्या आज्जीला वाचता येईल असा टी-शर्ट घातल्यावर घरातल्या गप्पाच बदलतात, हे मी माझ्या घरी पाहिलंय. फक्त छपाईवाल्याकडे एक धोका असतो. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी तुटते: 'जिद्द'मधली वेलांटी 'ज'च्या पुढे जाऊन बसते, 'द्द' सुटून पाय मोडलेला 'द्' आणि शेजारी दुसरा 'द' असं होतं. छापणाऱ्याला ते दिसत नाही, कारण तो मजकूर वाचत नसतो, जागा मोजत असतो. म्हणून मजकूर टाइप करून पाठवू नका. अक्षरांचं चित्र करून पाठवा, आणि छपाईआधी नमुन्याचा फोटो मागवून शुद्धलेखन घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मोडी लिपीत लिहून घेण्याची आवड हल्ली वाढली आहे, सुंदर दिसते ती. पण मोडी वाचणारा माणूस शोधून आधी दाखवा, नाहीतर माझ्या काळ्या टी-शर्टची गत होईल.

पायरी ५ : ट्रायल रूममध्ये तीन हालचाली करा

कपडा घालून आरशासमोर नुसतं उभं राहू नका. दोन्ही हात सरळ वर करा: टी-शर्ट पोटावरून वर चढला तर लांबी कमी आहे, काखेत ओढ बसली तर खांद्याचं माप चुकलंय. मग पाय फाकवून खोल बसा, शिको-दाचीत किंवा बैठकीत, जे येत असेल ते. शेवटी एक गुडघा छातीपर्यंत आणा. तिन्ही वेळा कपडा तुम्हाला आठवता कामा नये.

जीन्स दुसऱ्या हालचालीतच हरते. रोज घालायची असेल तर थोडं ताणणारं कापड असलेली, मांडीत सैल घ्या. शिंप्याकडून पँट शिवून घेणार असाल तर मांड्यांच्या जोडावर, जिथं चारही शिवणी एकत्र येतात, तिथं चौकोनी तुकडा जोडायला सांगा. गीच्या पँटलाही तो असतो आणि त्यामुळेच ती फाटत नाही.

मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगते. लढण्याचे कपडे म्हणजे मुलांच्या मापाचे काळे टी-शर्ट, असं समजायचं कारण नाही. घेरदार सलवारीत लाथ जितकी उंच जाते तितकी कुठल्याच जीन्समध्ये जात नाही. बाजूला खोल कट असलेला आखूड कुर्ता आणि सैल पायजमा हा तर जवळजवळ गीच आहे. मर्दानी खेळाच्या आखाड्यात आमच्याकडच्या मुली काष्टा घातलेल्या नऊवारीत दांडपट्टा फिरवतात, लाठी-काठी करतात, आणि एकीचाही पाय अडखळत नाही.

पायरी ६ : कापड आणि छपाई

टी-शर्टच्या कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. आपल्या उन्हाळ्यात आणि कोकणातल्या दमट हवेत १६० ते १८० जीएसएमचं सुती कापड बरं. २२०-२४० चे ढगळ टी-शर्ट सध्या चालतात. थंडीत ते छान, मे महिन्यात भिजलेल्या घोंगडीसारखे होतात. शंभर टक्के सुती पहिल्या धुण्यात थोडं आटतं, माप त्या हिशेबानं घ्या.

छातीभर रबरी छपाई घेऊ नका. तिथून घाम बाहेर पडत नाही आणि सहा महिन्यांत तिला भेगा जातात. चित्र लहान ठेवा, डाव्या छातीवर किंवा मानेखाली. वर्गातल्या पंचवीस-तीस जणांसाठी करायचे असतील तर स्क्रीन प्रिंटिंग स्वस्त आणि टिकाऊ पडतं. एकच नग हवा असेल तर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेनं कापडावर उतरवायची छपाई, किंवा भरतकाम. कॉलरच्या शर्टला भरतकामच शोभतं, ऑफिसातही चालून जातं. छापील कपडे उलटे करून, गार पाण्यात धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि चित्रावर इस्त्री फिरवायची नाही.

रंगाचा विचार मी चित्राच्या आधी करते. तालमीतल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून ती मळतात, त्या मातीचा जो ओलसर तांबडा रंग होतो त्या रंगाचा कुर्ता माझ्याकडे आहे. त्यावर एक अक्षरही नाही. ज्युदोवाल्यांना त्यांच्या स्पर्धेतला निळा आहे, केरळच्या कळरीवाल्यांना कमरेला गुंडाळायच्या कच्च्याचा लाल. काळ्या पट्टीचा पिवळा पाहिला की ब्रूस ली सगळ्यांनाच आठवतो, पण तो रंग अख्ख्या अंगावर घेतला की वेशभूषा स्पर्धेचा होतो. पिवळ्या बुटांची काळी पट्टी पुरे.

पायरी ७ : जॅकेट, बूट, बाकीचं

अंगरख्यासारखं, पुढे एकावर एक येणारं जपानी धाटणीचं जॅकेट घेणार असाल तर डावा पदर वर, उजवा आत. पुरुष असो वा बाई, जिवंत माणसाचा पोशाख असाच. उजवा पदर वर फक्त मृतदेहाला नेसवताना घेतात. गी घालतानाही हाच नियम आहे. समोरच्या कॅमेऱ्यानं स्वतःचा फोटो काढलात आणि तो उलटा साठवला गेला तर पदर चुकलेला दिसतो, तेव्हा फोटो लावण्याआधी तेवढं बघा.

पाठीवर वाघ-ड्रॅगन भरलेलं चकचकीत जॅकेट आवडत असेल तर त्याचं मूळ जपानमधल्या योकोसुकात आहे. युद्धानंतर तिथल्या नाविक तळावरचे अमेरिकी सैनिक आठवण म्हणून ती शिवून घेत. म्हणजे ते जपानी आहे, पण कराटेचं नाही. आवडलं तर खुशाल घाला, कुणी विचारलं तर खरं काय ते सांगा.

बुटांना तळ पातळ आणि सपाट हवा, अनवाणी सरावाची सवय असलेल्या पायाला तेच मानवतं. कुंग फू आणि वुशूवाल्यांमध्ये शांघायचे फेइय्वे कापडी बूट वर्षानुवर्षं आवडते आहेत. साधे, हलके. पावसाळ्यात मात्र कापडी बूट कुजतात.

थाई बॉक्सिंगमध्ये डोक्यावर बांधतात ते मोंगकोन पवित्र मानतात, जमिनीवर ठेवत नाहीत, गुरूच्या हातूनच घालून घेतात. ते दागिना म्हणून विकत घेऊ नका. आपल्याकडे देवाचा अंगारा जसा आपण कपड्यावर शोभेला लावत नाही, तसंच ते.

पायरी ८ : कुठं घालायचं, कुठं नाही

'वाटेला जाऊ नका', 'हाडं मोडीन' अशा अर्थाच्या ओळी घालून फिरू नका. फुनाकोशींनी शिष्यांसाठी वीस सूत्रं लिहिली, त्यांतलं एक सांगतं की कराटेत पहिला वार नसतो. दहा वर्षांच्या मुलाच्या छातीवर धमकी आणि वर्गात हे सूत्र, यांतलं कुठलं त्यानं खरं मानायचं? शिवाय रिक्षा स्टँडवर कुणाला तरी तो टी-शर्ट वाचून मुलाची परीक्षा घ्यावीशी वाटते. आमच्या एका विद्यार्थ्यावर ही वेळ आली होती. तो शहाणा होता, हसून निघून गेला.

नानचाकूची धातूची की-चेन किंवा चांदणीच्या आकाराचं पातं पिशवीला लटकवून विमानतळावर जाऊ नका, ते काढून घेतील. जपान-थायलंडला गेलात तर देवळात बनियन आणि बॉक्सिंगची चड्डी नको. दुसऱ्या डोजोत पाहुणे म्हणून जाताना आपल्या डोजोचं मोठं नाव पाठीवर नको, साधा पांढरा टी-शर्ट बरा. लग्नाकार्यात खिशावरची ती बोटभर नक्षी कुणाला खुपत नाही.

आणि एखाद्या माणसाचा फोटो छापायचा असेल तर नेहमीच्या तीन-चार चेहऱ्यांपलीकडे बघा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. 'हेलसिंकी १९५२' एवढे दोनच शब्द मातकट रंगावर पांढऱ्यानं छापलेला टी-शर्ट मी भावासाठी करून घेतला. तो घालून तो मुंबईच्या लोकलमध्ये बसला की कोणीतरी अर्थ विचारतं, आणि दादरपासून ठाण्यापर्यंत त्याला खाशाबांची गोष्ट सांगायला मिळते.

पायरी ९ : जुना गी फेकू नका

दोन-तीन वर्षांत पहिला गी आखूड होतो, गुडघ्यात विरतो, काखेत फाटतो. तो पुसायला घेऊ नका. पाठीचा भाग बहुधा शाबूत राहतो, एकसलग मोठा तुकडा मिळतो. तो नीट धुऊन, कडक उन्हात वाळवून शिंप्याकडे न्या. त्यातून बिनबाह्यांचं जॅकेट होतं, किंवा खांद्याला अडकवायची पिशवी. काखेचे आणि कॉलरचे तुकडे घेऊ नका, तिथं घामानं सूत कमकुवत झालेलं असतं. शिंप्याला जाड सुई लावायला सांगा, कॉलरजवळ कापडाचे चार-पाच पदर असतात आणि साधी सुई तुटते. पांढरा नको असेल तर शिवल्यावर निळीत किंवा हळदीच्या पाण्यात रंगवा, हळद मात्र उन्हात उडते.

माझ्या पहिल्या गीची पिशवी अकरा वर्षं वापरात आहे. आतल्या बाजूला आईनं शाईनं लिहिलेलं माझं नाव आणि इयत्ता अजून वाचता येते. बेल्ट ती त्याच पिशवीत घडी करून ठेवायची, आता मीही तिथंच ठेवते.